नळी जागेवर राहिली नाय

...आन् डॉक्टर मलाच इचारतो, "बाबा, नळी हलली कशी?" आता मी काय सांगू, मी काय आत बसलो होतो व्हय? जागेवर कोण राहतं, सांगा मला.

तुम्हाला सांगतो, दुष्काळात तळं आटलं, चारा गेला, मेंढरं विकली आन् गंगापूरकडनं आम्ही नवराबायको आलो बजाजनगरला, पोराच्या खोलीवर. म्हाळसा लई खूश. "जलमभर तुमच्या मेंढरांमागं फिरले, आता मी जागची हलायची नाय बगा." असं म्हणली न् म्हणली तर डोळे पिवळे. पित्ताची वाट तुंबली म्हणं. डॉक्टरनं तोंडातनं दुर्बीण घालून प्लास्टिकची बारीक नळी बसवली आन् बजावलं, "तीन महिन्यांनी या, बदलावी लागती." पण बाई ठणठणीत, टँकर आला की सगळ्यांच्या आधी हंडा घेऊन हजर. म्हणायची, "चांगली बसलीय नळी, कशापायी उठवायची तिला? आपल्याला जो तो उठवीत आला, तेवढं बास नाय का?" तीन महिने उलटले, आम्ही गेलोच नाय.

पुन्हा डोळे पिवळे झाले. आम्ही काय केलं? आमच्यात करतात तेच. वस्तीतल्या जाणत्या भामाबाईकडनं काविळीची माळ आणून गळ्यात घातली, मुळ्यांच्या तुकड्यांची. ती रोज लांबती, खाली उतरती, आन् तिच्यासंगं कावीळ उतरती. गळ्यातली छातीवर आली, छातीवरची बेंबीपस्तोर... भामाबाई म्हणती, "त्रिंबकदाजी, उतरतीय बगा, उतरतीय!" घरात शिरा केला आम्ही, शिरा. आन् तिकडं आत नळीबी उतरत होती हो. जागेवर कोण राहतं?

पोट धरून पडली तवा रिक्षात घातली. शहराच्या वाटेवर लष्कराच्या छावणीपाशी सगळा रस्ता खणलेला, पाण्याचे पाईप टाकायचे म्हणं, आन् रिक्षावाला सारखा, "चाचा, फिकर मत करो." दवाखान्यात कळलं, नळी सरकून आतड्यात गेली आन् आतड्याला भोक पाडलं. पोटभर इख पसरलं होतं. आपरेशनला नेताना नर्सनं माळ कात्रीनं कापली, माझ्या हातात दिली. म्हाळसा म्हणली, "पुरी उतरू द्यायची होती ओ." तेवढंच. आपरेशनातनं माघारी आली नाय.

आमच्यात पुरतात. गावाकडं माळावर, मेंढरं बसवायचो तिथंच जागा दिली तिला. पोरगं म्हणतं, "आबा, खोलीवर गप बसा." बसवतंय व्हय? तिचा हंडा दारात हाये. सकाळी एसटीनं जातो, तिच्यापाशी बसतो, सांजच्याला परत येतो, सकाळी पुन्हा जातो...

ती म्हणली तसं केलं बगा तिनं. जागची हलत नाय. हलतोय तो मीच.