खुर्चीसकट रामराम

हसू नका, आधी ऐका तर. नातीच्या भातुकलीच्या घरासाठी मी उरलेल्या फळ्यांची एक बुटकी खुर्ची केली. तिच्या हट्टापायी खुर्चीला दोन हातही बसवले. शेवटचा खिळा ठोकला तशी ती म्हणाली, "आबा, पैले तुमी पावणं म्हणून बसा."

बसलो. तेवढ्यात सोलापुरात कामाला आलेले मोहोळचे व्याही दारात! व्याह्यांपुढं बसून कसं राहायचं? रामराम करायला उठलो, तर खुर्चीबी माझ्यासंगं उठली.

"बसा, बसा," व्याही घाईनं म्हणाले.

"बसलेलोच हाय की!"

सूनबाई तोंडावर पदर धरून आत पळाली. व्याह्यांनी लई ओढलं, पण खुर्ची सुटेना. "करवत आणा, खुर्चीचा एक हात कापू," ते म्हणाले.

नातीनं मला मागून खुर्चीसकट मिठीच मारली. "माजी नवी खुर्ची कापायची न्हाय! आबांनाच बारीक करा!"

मला असं हसू फुटलं की हलता हलता खुर्ची आपोआप निसटली. नातीनं ती फ्रॉकनं पुसली आणि व्याह्यांपुढं ठेवली. "मोहोळचे आजोबा, आता तुमी बसा."

व्याह्यांनी त्या दिवशी चहासुद्धा उभ्यानंच घेतला.