लाल कोनती, हिरवी कोनती

...नाई, पन मी म्हनतो, वायरीले रंग द्यायचाच कायले? आतून तर सारं तांबंच ना? करंट काय रंग पाहून जाते का, की बाप्पा ही हिरवी आहे, हिच्यातून मी जात नाई? पन कोन्या शहान्यानं कुठंतरी बसून ठरोलं, एक लाल करा, एक हिरवी करा, अन् इकडं मलकापुरात आमच्या इंद्रभानले तोंड दाखवनं मुश्कील झालं. तुमाले सांगतो राजेहो, त्याच्याइतका लाजलेला मानूस मी पाह्यला नाई, अन् कारन इचाराल तर हातभर वायर.

थांबा, असं मधातून समजनार नाई. इंद्रभान म्हनजे जिनिंगच्या ट्रकवरचा डायवर. महाराष्ट्र राज्य नवीनच झालतं तवाची गोष्ट. रुईच्या गाठी भरून हा कधी खामगावले चालला, कधी अकोल्याले चालला, एक हात स्टेरिंगवर, एक खिडकीत, रस्त्यानं त्याले रामराम घातल्याशिवाय कोनी पुढं जात नसे. मंग एकदा गाठ सरकवताना कमरंत असा लचका भरला की डागदर म्हने, ट्रकचे दचके आता बंद. आता करावं काय? गाड्यांबिगर तर दुसरं काई येत नाई. स्टेशनच्या रस्त्यावर किसनराव मिस्त्रीचं दुकान होतं, गाड्यांच्या लाइटा, हॉर्न, सेल्फ, बॅटऱ्या, सारं विजेचं काम. इंद्रभान तिथं शिकाले बसला.

अन् हा किसनराव कोन? इंद्रभानपेक्षा उमरीनं लहान. कालपर्यंत हा ट्रक उभा करून वरूनच आवाज द्यायचा, "अबे किसन्या, लाइट पाह्य बे." आता त्याच किसन्याच्या पुढ्यात पोत्यावर बसून "किसनराव, किसनराव" करा लागे. बरं, त्यानंही "अबे इंद्रभान्या" म्हनून उट्टं काढलं असतं तर बरं वाटलं असतं. तो उलटा आदरानं बोले. "इंद्रभानभाऊ, पाहा, आपल्या दुकानात ही लाल म्हनजे बॅटरीचा करंट. ही हिरवी म्हनजे गाडीच्या बॉडीले लावायची. लाल बॉडीले टेकली की वायर जळते. समजलं?"

अन् इंद्रभान म्हने, "हाव, समजलं."

काय समजलं? डोंबल. त्याले दोनी वायरी सारख्याच दिसून राह्यल्या होत्या. एक जराशी अंधारी, एक जराशी उजेडाची, बस. त्याले वाटलं, दुकानातच अंधार आहे. मंग तंबाखू थुंकाच्या बहान्यानं बाहेर गेला, मुठीतले तुकडे उन्हात धरून पाह्यले... तरी तसेच. आता इच्चारावं कोनाले? लेकराबाळाचा बाप, एवढा मोठा डायवर, अन् इच्चारावं काय, तर लाल कोनती?

हे लहानपनापासून होतं, पन त्याले ते डोळ्याचं आहे हे कोनी सांगतलंच नव्हतं. माय, मनकर्नाबाई, मिरची तोडाले वावरात न्यायची. म्हने, पिकलेल्या लाल लाल तेवढ्याच तोड. हा टोपलं भरून आने, त्यात अर्ध्या हिरव्या. माय चिमटा घेऊन म्हने, "ध्यान कुठं असते रे तुहं?" तवापासून त्यानं धरून ठेवलं की आपलं ध्यान नाई, ध्यान दिलं की दिसन. ट्रकवर कधी अडलं नाई. रेल्वेचं फाटक बंद असलं की बंदच दिसते, त्याले रंग कायले लागते? पन आता वायरीकडं असं ध्यान देऊन पाहे की कपाळावरून घाम निथळे, अन् किसनराव इच्चारे, "समजलं ना, भाऊ?"

"हाव, समजलं."

पन मानूस काई ना काई जुगाड काढतेच. दुकानात दोन खिळे होते. उजव्यावर लाल वायरीचं भेंडोळं, डाव्यावर हिरवीचं. इंद्रभाननं ते ध्यानात ठेवलं, अन् उजव्या खिळ्यावरची वायर तोडली की दोनी टोकाले गुपचूप दात लावून निशानी करू लागला. निशानी दिसली की लाल. चालू झालं काम. किसनराव खूश, म्हने, "भाऊ, तुमचा हात बसला." हा मनात म्हने, हात नाई बाप्पा, दात बसला.

मंग आला दसरा. किसनरावनं दुकान झाडलं, पुसलं, हत्यारायची पूजा केली, अन् भेंडोळे परत टांगताना ज्या खिळ्यावर जे आलं ते टांगलं. त्याच्यासाठी काय, डोळे आहेत ना.

अन् दसऱ्यानंतर गाडी कोनाची यावी? वरवट बकालच्या पंजाबरावाची जीप. मोठे शेतकरी, कडक धोतर, पोराच्या साक्षगंधाले, म्हनजे साखरपुड्याले, निघालेले, मांडीवर मिठाईचं टोपलं, अन् हॉर्न बंद. अन् त्याच वक्ताले दुकानात कोन येऊन बसावं? वामनराव. इंद्रभानचे सासरे. रेल्वेत सांधेवाले होते, गाडीचे रूळ बदलनारे, आता पेन्शनीत निघालेले. म्हने, "आलतो स्टेशनाकडं, म्हटलं जावाईबापूचं नवं काम पाहू." इंद्रभानच्या अंगात आली राजेहो डायवरकी. छाती काढून म्हने, "पाहा मामाजी."

सवयीनं उजव्या खिळ्यावरची वायर तोडून इंद्रभाननं दात लावला. किसनरावनं बॅटरीची पट्टी सोडून बॅटरीकडचे टोक जोडले. आतले इंद्रभाननं जोडले, दाताची निशानी पाहून. पट्टी लावली. अन् स्टेरिंगच्या खालून असा धूर निघाला, असा रबराचा वास सुटला, की पंजाबराव टोपल्यासगट खाली. पेढे रस्त्यावर, धोतर चाकाखालच्या ऑइलात. किसनरावनं झपकन पट्टी ओढली, आत वाकून पाह्यलं, अन् पाह्यल्यावर पहिल्यांदा त्याचा आदर सुटला.

"लाल बॉडीले लावली तुमी. लाल दिसत नाई का तुमाले?"

आता तोंडात आलतं, नाई दिसत. एवढं बोलला असता तर सुटला असता. पन सासरे समोर बसलेले. इंद्रभान खाली पाहून म्हने, "दिसते ना. ध्यान नव्हतं."

मूर्ख म्हना, बेपर्वा म्हना, पन डोळ्यात खोट आहे असं कोनी म्हनू नये... काय मानूस असते पाहा. पंजाबराव चाकाजवळ वाकले. उरलेले पेढे उचलले, धोतराचा काळा सोगा हातात धरला अन् एस्टीनं साक्षगंधाले गेले. शिव्या दिल्या असत्या तर पचल्या असत्या, पन तो काळा सोगा इंद्रभानच्या डोळ्यापुढून हले ना.

वामनराव त्याले चहाच्या ठेल्यावर घेऊन गेले. दुकानातून उचललेले वायरीचे दोन तुकडे त्यायनं बाकड्यावर ठेवले. हळूच म्हने, "जावाईबापू, यातली लाल कोनती?"

इंद्रभाननं एक उचलली.

"बरं. हात मागं घ्या." त्यायनं तुकडे मुठीत घोळले, परत ठेवले. "आता?"

इंद्रभाननं उचललीच नाई. बशीतल्या चहाकडं पाहत बसला.

"आमच्या भरतीच्या वक्ताले रंगीत लोकर निवडाले लावत," वामनराव म्हने. "माह्यासंगचा एक चांगला शिकलेला पोरगा घरी पाठोला. डोळेच तसे असतात कोनाकोनाचे. जन्मापासून. ध्यानाचा काई संबंध नाई."

ध्यानाचा संबंध नाई. राजेहो, हे ऐकून मानसानं खूश व्हावं ना? पन याले आधी आठोला तो मायचा चिमटा, अन् मंग हे की पोरगी देनारा सासराच आपली खोट पाहून बसला. म्हने, "मामाजी, घरी तुमच्या वच्छलेले सांगू नका." वामनराव म्हने, "मी कायले सांगू? तुमीच सांगजा."

पन आधी किसनरावले सांगा लागलं. दुकानात येऊन जळलेली वायर सोलता सोलता पाठ करून बोलला, "किसनराव, मले लाल-हिरवं समजत नाई." किसनराव तडकलेलाच होता. म्हने, "हे दसऱ्याच्या आधी सांगतलं असतं तर?" मंग जरा वेळानं त्यानं एक बारका बल्ब दोन वायरी लावून पुढं फेकला. "एक टोक बॉडीले लावा, दुसरं टोक वायरीच्या उघड्या तोंडाले. लागला तर करंट. नाई लागला तर नाई. समजलं?"

"हाव, समजलं," इंद्रभान म्हने, अन् पहिल्यांदा खरं बोलला.

त्या बल्बानं त्यानं पंजाबरावाच्या जीपचं सारं वायरिंग नव्यानं केलं. एकेक टोक दोनदा तपासे, किसनराव कुरकुरे, पन हा हटला नाई. अन् गाडी पोचवाले स्वतःच गेला, कंबर धरून, वरवट बकालच्या वाड्यापुढं. पंजाबराव बाहेर आले.

"मालक, मले रंग समजत नाई. म्हून तसं झालं. आता बल्ब लावून काम केलं."

पंजाबरावानं त्याच्याकडं पाह्यलं, जीपकडं पाह्यलं. म्हने, "तुमी वाजवा. मी गोठ्याकडं उभा राहतो." हॉर्न वाजला. "बरं. आता सेल्फ मारा." अन् ते अजून दोन पावलं मागं सरकले. गाडी चालू झाली, धूर नाई, वास नाई. पंजाबराव गोठ्यातूनच म्हने, "ठीक आहे. चाबी तिथंच ठेवा."

आता राह्यलं घर. संध्याकाळी घरी आला, चुलीपुढं बसला, वच्छलाबाई भाकरी थापून राह्यली होती. याचं आपलं घसा खाकरनं, पानी पेनं, परत घसा खाकरनं. शेवटी डोळे मिटून म्हने, "एक सांगाचं होतं. मले लाल अन् हिरवं येगळं दिसत नाई."

वच्छलाबाईनं तव्यावरची भाकर उलटली. म्हने, "माहीत आहे मले."

"मामाजी बोलले?"

"बाबा कायले बोलतात? लग्नात मी हिरवा शालू नेसलती, तुमी म्हनले लाल लय शोभते. तवाच समजलं."

"इतक्या वर्साची... मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटन म्हून."

इंद्रभाननं दाराकडं पाह्यलं. मंग बारीक आवाजात इच्चारलं, "अजून कोनाले माहीत आहे?"

"शेजारच्या सुभद्राबाईले. तिच्या मालकाले. भाजीवालीले. पिठाच्या गिरनीवाल्याले, त्याच्या बायकोले," ती विस्तव सारत म्हने, "अन् आपल्या पोरायले. तुमालेच तेवढं माहीत नव्हतं."

"मंग आता?"

"आता काय? हात धुवा, जेवाले बसा."