शेवटच्या कडव्यातलं नाव

गाणं सगळ्यांचं म्हणायचं आणि नाव तेवढं आपलं ठेवायचं, हे बरोबर नव्हतं अण्णा. मी फोनवर तेच सांगणार होतो. तुम्ही फोन ठेवलात. आता कुणाशी भांडू?

मंडळी, माफ करा. जमलेल्या आयाबायांनो, भजनी मंडळातल्या गड्यांनो, रुक्मा वहिनी. शोकसभेत अशी सुरुवात करत न्हाईत, एवढं मला कळतं. पण साताप्पा अण्णांशी माझं भांडण अर्धं राहिलंय. त्याच्याआधी दुसरं काही तोंडातून निघंना.

मी संभा. सात वर्षं अण्णांच्या मागं उभा राहून झील ओढली, त्यांच्या गाण्याचं ध्रुपद धरलं. सध्या कच्छमध्ये सोलरच्या साईटवर लोखंड बांधतो. सुट्टी मिळाली न्हाय. सातवी नापास माणसाचं हे लिखाण गुरुजी वाचतायत. अडले तर दोष माझ्या अक्षराचा.

अण्णा आधी कवी होते. निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती काट्यावर तोलायचे आणि वहीत कविता लिहायचे. कोल्हापूरच्या एका मासिकात छापूनही यायच्या. वाचायचं कोण? ते आणि वहिनी. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वखारीतल्या बायकांना कविता वाचून दाखवली. बायका भाकरी खात होत्या. म्हातारी गंगव्वा म्हणाली, "सातू, रेशनची यादी वाचल्यागत काय वाचतोस रं? म्हण की जरा!"

सगळ्या हसल्या. अण्णाही हसले. पण पुढच्या बाजारी दिमडी घेऊन आले, आणि परत कधी कविता वाचली न्हाय. म्हटली. हे सगळं ते स्वतःच सांगायचे, गंगव्वाचा आवाज काढून.

आपल्याकडं शेवटच्या कडव्यात गाणं करणाऱ्याचं नाव येतं. त्यांच्या तंबाखूच्या गाण्यात यायचं, "सातू बोलं, शब्द माझा, जाब मला पुसा."

गेल्या गणपतीत मी साईटवर ते गाणं म्हटलं. इथं मला हेल्मेटच्या नंबरानं हाक मारतात. माईक हातात होता. शेवटचं कडवं आलं आणि मी म्हणालो, "संभा बोलं." टाळ्या पडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला. गावच्या ग्रुपवर तो मीच टाकला.

अण्णांचा फोन आला.

"गाणं न्हेलंस, लई बरं केलंस. माझं नाव का काढलंस रं?"

"तुमचं नाव हितं कोण वळखतंय अण्णा?"

"आणि तुझं?"

"माझं आता वळखत्यात."

फोन बंद. परत मी केला न्हाय, त्यांनीही केला न्हाय. म्हातारा नावासाठी हपापलाय, असं मी इथल्या पोरांना सांगत फिरलो.

मग वहिनींचा फोन आला. दम्यानं गेले, म्हणाल्या. रडून झाल्यावर म्हणाल्या, "पोरांनी त्यांचंच गाणं म्हणत न्हेलं. मोबाइलवरनं शिकल्यात. शेवटाला तुझं नाव आलं रं संभा. समद्या वाटंनं तुझंच नाव."

मंडळी, पोरांचा काय दोष? त्यांना मी शिकवलं तसं ते म्हणाले. अण्णांना त्यांच्याच गाण्यात माझं नाव घेत स्मशानात नेलं. हे माझ्या हातून झालं.

तेव्हा मी वहिनींना विचारलं, नाव काढलं म्हणून अण्णा एवढे का दुखावले? त्यांनी सांगितलं ते माझ्या आधीचं होतं. मला ठाऊक नव्हतं. तुमच्यातल्या म्हाताऱ्या बायांना ठाऊक असेल. गाणं पहिल्यांदा वखारीत घुमलं. धूळ, खोकला, कापलेली मजुरी, सगळं त्यात होतं. मालकानं बायकांना ओळीनं उभं केलं. विचारलं, हे गाणं कुणी जुळवलं? एकीनंही तोंड उघडलं न्हाय. अण्णांनी घरी येऊन शेवटचं कडवं जोडलं. दुसऱ्या दिवशी काट्याजवळ उभं राहून मालकाच्या तोंडावर म्हटलं. त्यांची नोकरी गेली. बायकांतल्या एकीचीही गेली न्हाय.

जाब द्यायला पुढं केलेलं नाव होतं ते. त्या जागी मी माझं नाव ठेवलं आणि टाळ्या घेतल्या. आठ महिने राग धरला, तो पण मीच.

अण्णा, तुमचं बरोबर होतं. हे तुम्ही असताना म्हणायला पाहिजे होतं.

मंडळी, व्हिडिओ मी पुसलाय. तुमच्या मोबाइलमधला मला पुसता येत न्हाय. तेवढा तुम्ही पुसा. आणि तेराव्याला भजनी मंडळानं वखारीच्या फाटकासमोर हे गाणं म्हणावं. कर्णा लावून म्हणावं. शेवटचं कडवं तीनदा घ्या. सातू बोलं. सातू बोलं. सातू बोलं.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कुणी बोलू नका. बायांनो, खोकला आला तर दाबू नका. अण्णांनी तुमचा खोकला कधी दाबू दिला न्हाय.

कर्ण्याच्या आणि बॅटरीच्या भाड्याला वहिनींच्या खात्यावर अडीच हजार रुपये पाठवतोय.