मियाकसाठी ठेवलेलं कडं

(डाकलाकच्या डोंगरातलं, एडे या आदिवासी जमातीचं एक गाव. कॉफी वाळत घातलेलं अंगण.)

इ-धुन: ...अमेरिकेच्या व्हिसाचे सगळे रकाने अर्ज भरायच्या दुकानातल्या बाईनं भरून दिले, अक्का. हा एकच कोरा ठेवला. म्हणाली, काका, हे तुमचं तुम्ही ठरवा.

ह-लुईन: वाच. आणि आधी कॉफीवरून पाय काढ.

इ-धुन: "सरकारी नोकरीत असताना कुणाला धर्मावरून छळलं आहे का?" होय किंवा नाही. होय म्हटलं की दार बंद.

ह-लुईन: एवढा गावचा पोलीस साहेब होतास, आणि एका खुणेला घाबरलास?

इ-धुन: थट्टा नको. 'नाही' लिहायचं ठरवलंय मी. तू फक्त एक कागद लिहून दे, की धुननं आम्हाला त्रास दिला नाही. प्रार्थना तुझ्याच घरात चालायची. तुझ्या शब्दाला वजन आहे.

ह-लुईन: माफ तर मी तुला त्याच वर्षी केलं. पण घडलंच नाही, असं कसं लिहू?

इ-धुन: वरून आदेश होता, अक्का. जिल्ह्याची माणसं अंगणात उभी. रांजणातल्या दारूत बकरीचं रक्त कालवलेलं. नळीनं एक घोट घ्यायचा, येशूला सोडलं म्हणायचं, की यादीतून नाव कमी. नाहीतर तुरुंग. मी वाचवतच होतो सगळ्यांना.

ह-लुईन: मी नाही प्यायले. माझा नवरा नाही प्यायला, चार वर्षं आत राहिला. प्यायली ती तुझी मियाक. सतरा वर्षांची पोर. कारण नळी तिच्या बापानं धरली होती. महिन्याभरात सीमा ओलांडून पळाली.

इ-धुन: मला सांगतेस? वीस वर्षं बोलली नाही माझ्याशी. तिची आई वारल्यावर फोन आला तिचा. "बाबा, एकदा या." हे बघ, काय आणलंय.

ह-लुईन: दाखवतोस काय? माझ्या धाकट्या बहिणीचं कडं लांबून ओळखते मी.

इ-धुन: मरताना म्हणाली, स्वतःच्या हातानं पोरीच्या हातात घाला. घर काय, कडं काय, आपल्यात सगळं लेकीचंच. मी नुसता राखण्या. मला तिथं राहायचं नाही, अक्का. कडं घालतो आणि परत येतो.

ह-लुईन: बस जरा. तिला तिकडे कशावर आत घेतलं, ठाऊक आहे?

इ-धुन: निर्वासित म्हणून.

ह-लुईन: कुणी छळलं, असं विचारलं त्यांनी. तिनं तुझं नाव सांगितलं.

इ-धुन: माझं?

ह-लुईन: दुसरं कुणाचं सांगणार? काल तासभर रडत होती फोनवर. 'या' म्हणाली तेव्हा तिला हा प्रश्न माहीत नव्हता. आता तू 'नाही' लिहिलंस, तर दोघांतलं एक खोटं ठरणार. तुझं काय, तू इथंच राहशील. तिचे कागद पुन्हा उघडले तर? तीन लेकरं आहेत तिला.

इ-धुन: हे ती म्हणाली, की तू भीती घालतेस?

ह-लुईन: ती म्हणाली, मावशी, बाबांना काही बोलू नकोस. त्यांना हवं ते लिहू दे.

इ-धुन: पेन आहे?

ह-लुईन: खिडकीत बघ. घाई नाही पण. जेव आधी.

इ-धुन: नको. ...हे झालं. 'होय'. खाली रेघा मारल्यात, काय घडलं ते लिहा म्हणतात.

ह-लुईन: ती बोलली तेच लिही. रांजण, रक्त, नळी. बापाचा हात थरथरत होता, असंही सांगितलंय तिनं.

इ-धुन: तिथल्या साहेबांना?

ह-लुईन: हो.

इ-धुन: तेवढं मी लिहीत नाही. मी लिहिलं तर ती सबब वाटेल.

ह-लुईन: बरं.

इ-धुन: हे कडं तू घे, अक्का. तुला जाऊ देतील.