दादाच्या जीपचा गिअरबॉक्स

आमी मूळचे लोणी काळभोरचे, ताई. बाहेरनं आलेले नाय, गावातलेच. सोलापूर रोडला लागून वावर व्हतं, ऊस असायचा, आन दारात एक जीप, जुनी, चारी चाकं ओढनारी. वडील लवकर गेले, मंग मला वाढवलं ते थोरल्या भावानं, दादानं. माझ्यापेक्षा लई मोठा तो. मांडीवर बसवून स्टेरिंग हातात दिलं, तिथपासनं गाडी त्यानंच शिकवली. स्वारगेटला एक उस्ताद व्हते, त्यांच्याकडं मी काम शिकलो, आन आता हडपसरच्या पुढं हे शेड हाय. जुन्या फोर व्हीलच्या जीपा, तेवढ्याच करतो. नव्या गाड्यांना कॉम्प्युटर जोडत्यात, ते आपलं काम नाय, आन त्याचं मला दुःख बी नाय.

लोकं येत्यात ती पहिलं हेच म्हनत्यात, गिअरबॉक्स गेला. अहो, तो असा सहजासहजी जात नाय. गाडी जागेवर चालू ठेवायची, न्यूट्रलला. घरघर येती का? मंग क्लच दाबायचा. दाबल्यावर घरघर थांबली तर गिअरबॉक्सचं पुढचं बेरिंग. दाबल्यावर सुरू झाली तर क्लचचं बेरिंग, गिअरबॉक्सला हात लावायचा नाय. उतारावर पाय उचलला की गिअर आपोआप सुटतो का, ते बघायचं. ऑइल बोटावर घ्यायचं, पितळेचा चुरा चमकला तर आत झिजलंय. पन उस्ताद सांगायचे, हे सगळं नंतर. आधी मालकाला चालवू द्यायचं, आपन शेजारी बसायचं, तोंड बंद ठेवायचं आन नुसतं त्याच्या हातापायाकडं बघायचं. निम्मे बिघाड तिथंच कळत्यात.

तर काय सांगत व्हतो, वावर. खराडीकडं काचेची ऑफिसं उभी ऱ्हायली, पोरं आली कुठनं कुठनं, त्यांना घरं पायजेत, मंग बिल्डर सरकत सरकत लोणीपर्यंत आले. आमच्या वावरात टॉवर झाला. आन त्याच टॉवरात दादाला फ्लॅट मिळाला, तशी पद्धतच हाय आता, ज्याच्या रानात टॉवर त्याला वरती घर. त्या घरात गेल्यावर थोड्याच दिवसात वहिनी वारली. दादाचा पोरगा समीर आयटीत हाय, गुनी पोरगा, बापाला जपतो. दादानं बैल दिले, अवजारं देऊन टाकली, जीप तेवढी दिली नाय. खाली पार्किंगमधे उभी असायची, चकचकीत गाड्यांच्या मधी, आन रोज सकाळी तिला घेऊन एक चक्कर.

ती जीप मंग सारखी माझ्याकडं यायला लागली. दादा म्हनायचा, बाळू, दांडी अडकती रे, वळनावर गाडी जड होती, कुनी मागनं धरल्यागत, आन आतनं कटकट वाजतंय. मी चालवून बघायचो तर काय नाय. उस्तादांचं सांगनं ध्यानात व्हतं, पन ज्यानं मला शिकवलं त्याच्या शेजारी काय तपासायला बसायचं? शेवटी गिअरबॉक्स खाली उतरवला, सगळा उघडला. दात चांगले, बेरिंग चांगली, ऑइल स्वच्छ. परत बसवला. आठवड्यात गाडी परत दारात.

त्या येळेला समीर संगं आलता. म्हनला, काका, आता हे शेवटचं. परवा हायवेवर मधेच थांबली, मागून ट्रक होता. परत असं झालं ना, तर मी सरळ स्क्रॅपला देणार, बाबांना काय बोलायचं ते बोलू दे. दादा तिथंच उभा व्हता. समीर फोनवर बोलत लांब गेला तवा माझा दंड धरला आन म्हनला, बाळू, तेवढी नीट कर. जीप गेली तर मी खाली कशाला उतरू, सांग बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लोणीला गेलो. म्हनलं दादा, तू चालव, मी बसतो. हायवेवर गाडी मस्त, एक आवाज नाय. चक्कर मारून आलो, सोसायटीच्या गेटात वळलो, आन दादाचा हात गिअरच्या मोठ्या दांडीवरनं निघाला, शेजारच्या ल्हान दांडीवर गेला आन त्यानं ती ओढली. ती पुढच्या चाकांची दांडी, ताई. चिखलात लावायची असती, चारी चाकं एकदम जुंपायला. पक्क्या रोडवर लावली की चाकांना घसरायला जागा ऱ्हात नाय, वळनावर आतल्या आत पीळ बसतो, दांडी निघत नाय, गाडी जड होती. पार्किंगच्या काँक्रीटवर टायर चरचरायला लागले. मी म्हनलं, दादा, फ्रंट कशाला लावला? माझ्याकडं असं बघितलं, जसं मलाच कळत नाय. म्हनला, अरे, चिखल नाय का, कालच पानी दिलंय उसाला.

त्या गेटाच्या जागीच आमचा बांध व्हता. तिथनं आत वावर लागायचं. जाताना दांडी लावायची, रोडला आलं की काढायची, जन्मभर त्याचं असंच. म्हनून तर माझ्याकडं येईस्तोवर सगळं ठीक असायचं, आन कधी पीळ बसून दांडी निघालीच नाय तर तसाच हायवेला यायचा.

मी म्हनलं, व्हय दादा, चिखल हाय. जरा मागं घे. त्यानं गाडी सरळ मागं घेतली, पीळ सुटला, दांडी खटकन निघाली. गाडीला काय झालं नव्हतं.

मला रडू आलं नाय, ताई. खोटं कशाला सांगू. दिवसभर इंजिनाशेजारी उभं ऱ्हायलं की कान बसत्यात ना, तसं आत कायतरी बसलं, ते अजून बसलेलंच हाय.

पुढच्या चाकांना फिरवनारा शाफ्ट काढून ठेवला असता तर दांडी नुसती हलली असती, गाडी चालली असती, समीर खूश, दादा खूश. ते मनात येऊन गेलं. पन उद्या हायवेवर कुठल्या वळनाला त्याला बांध दिसंल, कुनी सांगावं? लिफ्टनं वर गेलो. समीर लॅपटॉपवर मीटिंगमधे. म्हनलं, बंद कर ते. गिअरबॉक्स चांगला हाय. दादाला डॉक्टरकडं ने. तो म्हनला, म्हणजे काय काका? मी सगळं सांगितलं. त्यानं लॅपटॉप मिटला. मंग म्हनला, बाबा मधूनमधून आईकडे चहा मागतात, मला वाटायचं सवय असेल.

डॉक्टरनी आजाराचं नाव सांगितलं, माझ्या तोंडात बसत नाय ते. गाडी बंद केली.

जीप आता हितं, माझ्या शेडात. बॅटरी काढून ठेवलीय. समीर ऑफिसला जाताना दादाला सोडून जातो, संध्याकाळी नेतो. दादा सीटवर बसतो, दांड्या लावतो, काढतो, भूक लागली की जेवतो. तरास काय नाय त्याचा. दिवाळीपर्यंत मला बाळू म्हनायचा, आता मिस्त्री म्हनतो, अहोजाहो करतो.

काल चहा दिला तर म्हनला, मिस्त्री, आपलं गाव कुठलं? म्हनलं, लोणी. लई आनंद झाला त्याला. म्हनला, मंग आपन गाववालेच की. एक काम हाय बघा तुमच्याकडं. आमचा धाकटा, बाळू, शाळेत त्याचं मन लागत नाय, पन हाताला चांगला हाय. त्याला तुमच्याकडं ठेवून घ्या. चुकला तर बोला, पन मारू नका, बाप नाय त्याला.

मी म्हनलं, पाठवून द्या. नाय मारनार.

म्हनला, देव तुमचं भलं करो, आन चहा पिऊन टाकला.