गवताचा रोगी आणि वाडीची डोली

तुम्हीच सांगा, घंटा आहे, बाक आहे, तिकिटाची खिडकी आहे, आणि गाडी मात्र एकदासुद्धा आली नाही, अशा जागेला स्टेशन म्हणायचं का हो? आमच्या महाडच्या वेशीबाहेर आहे असं एक! रेल्वेचे मोजणीवाले साखळ्या घेऊन हिंडले तेव्हा एका हौशी शेटनं आधीच बांधून ठेवलं, म्हणजे गाडी आली की खोळंबायला नको... ती आलीच नाही. वीस-बावीस वर्षं झाली, कौलांवर गवत उगवलं, शेटही गेले, आणि यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की त्यात जुन्या वाहनांचं संग्रहालय करावं! मेणा आणला, छकडा आणला, खाडीतला फुटका पडाव आणला... आणा बापडे, पण प्रयागबाईची डोली कशाला न्यावी, म्हणते मी!

तर ही प्रयागबाई नाते गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात राहते. आठ घरांची वाडी आणि आठ घरांत मिळून एक डोली. डोली म्हणजे काय, एक जाड दांडा आणि त्याला दोरांनी टांगलेली खाटली, पण कुणी आजारी पडलं, कुणी बाई अडली, की त्यातूनच महाडला. घरटी एक खांदा द्यायचा, हा रिवाज. आणि दुसरा रिवाज त्याहून कडक! डोली कुणी मागितली तर कशाला म्हणून विचारायचं नाही, आणि दिलेली परत मागायची नाही. नेणारा आपणहून आणून देतो. मध्येच मागायची म्हणजे, तुमचा माणूस आटपला का, असंच विचारल्यासारखं नाही का ते? मग विचारणार कोण?

एक दिवस संग्रहालयाचा शिपाई सहदेव धापा टाकत वाडीवर आला. "साहेबांच्या कामाला डोली पायजे." झालं! प्रयागबाईचा दीर हैबती तिच्या कानाला लागला, "वैनी, साहेब आजारी हाय वाटतं." "आगो बाई! लौकर ने रे भाऊ, लौकर ने!" असं म्हणून तिनं खाटलीत स्वतःची धुतलेली गोधडी घातली, आणि वर साहेबाच्या तब्येतीसाठी गावदेवीला नारळसुद्धा बोलली!

आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. डोलीचा पत्ता नाही. "साहेबाचं दुखणं लांबलं गो," एवढंच प्रयागबाई म्हणायची. विचारणार कोण?

आणि इकडे घरात सून रखमा! पहिलटकरीण, दिवस भरलेले, नवरा मुंबईला गिरणीत. ठकूबाई सुईण आली, पोट चाचपलं, आणि हात काढून घेतला. "पोर आडवं हाय गो प्रयागबाय. ह्ये माझ्या हातचं नाय. दोन दिसांत हिला म्हाडच्या दवाखान्यात ने." न्यायची कशातून? तो उतार धडधाकट माणसाचे गुडघे मोडणारा! प्रयागबाईनं पदर खोचला. तरी डोली परत आणायला जाते असं ती म्हणाली का? छे! "साहेबाला बगून येते," म्हणाली, आणि आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून केळ्यांची फणी घेऊन डोंगर उतरली.

विचारत विचारत स्टेशनात पोचली, तर काय... छताला डोली टांगलेली, खाली चिठ्ठी लावलेली, आणि आत तिच्याच गोधडीवर पागोटं घालून एक रोगी आडवा! जवळ जाऊन बघते तर गवताचा! तेवढ्यात आतून मास्तर धावले, संग्रहालयाची सगळी व्यवस्था एकट्याच्या गळ्यात पडलेले, चष्मा नाकावर, पहाटेपासून धूळ झटकून दमलेले.

"बाई, हात लावू नका!"

"नाय लावत. रोगी कसा हाय?"

"अहो, गवताचा आहे तो!"

"ता दिसतंय मला. बरा कदी व्हायचा?"

"तो बरा व्हायचा नाही, बाई, तो दाखवायला आहे! उद्या सकाळी अलिबागहून साहेब येणार, उद्घाटन आहे..."

"म्हंजे साहेब आजारी नाय?"

"ठणठणीत आहेत!"

आता बघा, महिनाभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला, तो ठणठणीत! दुसरी कुणी असती तर स्टेशन डोक्यावर घेतलं असतं. प्रयागबाईनं नुसतं चिठ्ठीकडे बोट केलं. "ह्यात काय ल्हिवलंय?"

मास्तरांनी वाचून दाखवलं, "जुन्या काळचं प्रवासाचं साधन. आता वापरात नाही."

"आन आता कशातून जातात?"

मास्तरांनी सवयीनं बाहेर हात केला. बाहेर काय दिसणार? रूळ असायला हवे होते तिथं एक शेळी चरत होती!

प्रयागबाई बाकावर बसली. फणी शेजारी ठेवली. "माझ्या सुनंचं पोर आडवं हाय, मास्तर. सुईण म्हनली, दोन दिस. त्यातला एक आज सरला." एवढंच. डोली द्या म्हणाली नाही... रिवाज म्हणजे रिवाज! मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि दमल्या आवाजात म्हणाले, "सहदेव, त्याला उतरव खाली."

"मास्तर, उद्या साहेब इचारतील ना!"

"विचारू दे. वाडीवरचे खांदे मुंबईला गेले असणार, तूही जा यांच्याबरोबर." आणि परत कधी आणता, हे त्यांनी प्रयागबाईला विचारलंच नाही. त्यांना कुणी रिवाज सांगितला होता, कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती, सहदेव आणि आणखी दोघांच्या खांद्यावरून रखमाची डोली स्टेशनासमोरून दवाखान्यात गेली, तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आणि स्टेशनात साहेबांनी डोलीच्या रिकाम्या जागेखालची ती चिठ्ठी वाचली, बाकावर केळी घेऊन बसलेल्या गवताच्या माणसाकडे बघितलं, आणि काही न विचारता मोटारीत बसून निघून गेले.