बियाची लहान पुडी

नांदुऱ्याच्या स्टँडवर वरवट बकालची गाडी यायची होती. माझ्या बाकावर मांडीवर कापसाचं गठुडं घेतलेला शांतवन बसला होता आणि त्याच्याशी त्याच्या गावचे रहेमतुल्ला चाचा बोलत होते.

"आज तं तुमच्या चर्चमधी हंगामाचा सण. कापूस वापस काऊन आणला?"

"वेदीपुढं ठेवला होता. पाळकसाहेब म्हणे, भावाशी वाकडं असन तं आधी समेट करा, मंग अर्पण."

"दानियलशी काय वाकडं हाये तुह्यं?"

"बीटी कापसाच्या बियाण्याच्या पिशवीत साध्या बियाची लहान पुडी येते न, अळी तिच्यावर बसावी म्हणून. चारी बाजूनं पेराची असते. मांगच्या साली मी सगळी दानियलच्या धुऱ्यानं, त्याच्या बांधाले लागून पेरली. त्याचा कापूस साधा. सगळी अळी त्याच्यात गेली."

"तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, म्हणूनच तिकडं पेरली. आता हा कापूस त्याले देतो, पाय धरतो."

"चांगलं हाये. यंदा पुडी कुठं पेरली?"

"दुसऱ्या धुऱ्यानं."

"तिकडं तं माहं वावर हाये. माहाही कापूस साधाच."

शांतवननं गठुड्याची गाठ सोडली.

"चाचा, तुमचा रुमाल पसरा."